आबांशी गोल्फ, वडप्याच्या खाचरात

“ताय, येताना बूट घेऊन ये. चपलेवर जमायचं न्हाय.”

माहेराहून असली फर्माईश आलेली तुम्ही कधी ऐकली आहे का? गडहिंग्लजहून भिवंडीला जाताना मी आजवर गूळ नेला, शेंगा नेल्या, एकदा लाल मिरच्यांचं पोतं नेऊन अख्खी बस शिंकवली. पण बूट? मी जगनला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, विचारलं, “कशाला रे? डोंगर चढायचाय?”

“आबांशी गोल्फ खेळायचाय तुला,” तो म्हणाला आणि फोनवरच रडायला लागला.

हसावं की घाबरावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

हुंदक्यांच्या मधून जे कळलं ते असं. आमच्या आबांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या आहेत. ठाण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितलं, तेही सवडीने नाही, लगेच. आबा तयारही झाले होते. पण आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, आधी गावदेवीला कौल लावतात. देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांनी ऑपरेशनचं विचारलं आणि डावी पडली. एकदा पडलेला कौल पुन्हा लावत नाहीत. विषय संपला.

जगनने पाया पडून पाहिलं, भांडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. शेवटी आबाच म्हणाले, “बायला बोलाव. तिनं मना गोल्फात हरवलं तर जातो कापून घ्यायला. न्हाय हरवलं तर पुन्हा नाव काढायचं न्हाय.”

बाय म्हणजे मी. वय पन्नाशीच्या पलीकडे, महिला मंडळाच्या नाटकांत राजा, दरोडेखोर आणि एकदा वाघ झालेली. गोल्फ मी पाहिलेला तो फक्त टीव्हीचं चॅनल बदलताना. बापाच्या जिवाचा सामना आणि खेळाडू कोण, तर मी!

“जा,” आमचे हे म्हणाले, “पण कंबर सांभाळ.”

वडपे

भिवंडी म्हटलं की लोकांच्या कानात लूम खडखडतो. तो शहरात. आमचं वडपे शहराबाहेर, नाशिकच्या हायवेवर. माझ्या लहानपणी इथे भात होता आणि भातच होता. आता गोदामं आहेत आणि गोदामंच आहेत. तुम्ही मोबाइलवर बोट दाबून मागवलेला कुकर, नातवाची सायकल आणि यजमानांचा पट्टा, सगळं आधी आमच्या गावात मुक्काम करून तुमच्याकडे येतं. थोडक्यात, तुम्ही आलेले नसाल, पण तुमचं सामान येऊन गेलंय.

आमच्याही जमिनीवर गोदामं उभी राहिली. दोन गोदामांच्या पत्र्यांमध्ये पाच खाचरं उरली. पावसाळ्यात त्यांत भात होतो आणि कापणी झाली की तिथे गोल्फ होतो. झालं असं की गोदाम बांधायला आलेल्या एका साहेबाला रविवारी करमत नव्हतं आणि जमीन गेल्यावर आबांना आठवडाभर करमत नव्हतं. दोघांनी मिळून खाचरांत गोल्फ सुरू केला. साहेब बदली होऊन गेला, जाताना काठ्यांची पिशवी आबांना देऊन गेला. ज्या माणसाने जन्मभर बांधावरून नांगर फिरवला, त्याला वयाच्या सत्तरीनंतर बांधावरून चेंडू उडवायचं वेड लागलं.

मी पोचले तेव्हा आबा अंगणात खाटेवर बसले होते. उंच, रुंद माणूस, पण बनियन अंगावर टांगल्यासारखं दिसत होतं. मला बघून म्हणाले, “आलीस गो? बूट दाखव.”

पायाला हात लावायच्या आधी मी बूट दाखवले. त्यांनी तळवे वळवून वळवून पाहिले, जसा बाजारात बैलाचा खूर बघतात.

“चालतीन,” ते म्हणाले. एवढा एक शब्द बोलून त्यांनी दम घेतला. तो दम मी ऐकला. मग पुढचे सगळे दिवस मी दुसरं काही ऐकलंच नाही.

जेवायला प्रमिलाने, माझ्या भावजयीने, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. आमच्या गडहिंग्लजला भाकरी म्हणजे जोंधळ्याची, थापली की शेजाऱ्याला ऐकू जाते. इथली पाण्याच्या हाताने वळलेली, घडी घालून खिशात ठेवावी इतकी मऊ. सोबत वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आबांच्या ताटात मात्र दुधी. त्यांनी दुधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाय, तो पंखा फिरतोय का बग.” मी वर पाहिलं. खाली पाहिलं तोवर माझा बोंबील गेला होता.

“आबा!” जगन ओरडला.

“वरडू नको. छातीत धडधडतं,” आबा बोंबील चावत म्हणाले.

नंतर प्रमिला मला मागे घेऊन गेली आणि तिने ते दृश्य दाखवलं जे मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येक खाचराच्या टोकाला शेणामातीने सारवलेलं एक गोल खळं, भात झोडायला करतात तसंच, पण मधोमध वाटीएवढा खड्डा. गोट्यांच्या खेळातली असते तशी गल. बाजूला बांबूला लाल फडकं. टीव्हीवर हिरवळ असते. आबांना हिरवळ परवडली असती, पण पटली नसती. चेंडू सरळ घरंगळायला खळ्यासारखी जागा नाही, असं त्यांचं मत.

“हे सगळं कोण सारवतं?” मी विचारलं.

“मीच. कोन सारवनार?” प्रमिला म्हणाली. “लगीन ठरलं तवा सांगितलेलं, अंगन सारवायला लागंल. गोल्फ सारवायला लागंल, ह्ये कोनी न्हाय सांगितलं.”

मी एवढी हसले की खळ्यातच बसले. हसू थांबलं तेव्हा प्रमिला डोळे पुसत होती, आणि ते हसून आलेलं पाणी नव्हतं. “ताई, बांध चढताना थांबतान आबा. म्हंतान वारा बगतोय. वारा कुठं हाय?”

अकलोली

दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिस व्हायची होती. पण सकाळीच आबा म्हणाले, “अकलोलीला चल.”

अकलोली वज्रेश्वरीजवळ. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि ते कुंडांत साठतं. वाटेत डोंगरवाडीच्या बाया टोपल्यांत बोरं आणि कंद घेऊन बसलेल्या. एकीकडून मी बोरं घेतली. ती म्हणाली, “हातानं निवड बाय, आंबट निघाली तर माज्या नावानं खडे फोडू नको.” आमच्याकडे भाजीवाल्या हात लावू देत नाहीत. मी खूश होऊन निवडत बसले आणि तेवढ्यात आबा कुंडात उतरले.

डॉक्टरांनी जगनला बजावून सांगितलं होतं, गरम पाण्यात बसू द्यायचं नाही. जगन गाडी लावायला गेलेला. मी बोरं टाकून धावले. आबा छातीपर्यंत पाण्यात, डोळे मिटून, चेहरा लालबुंद.

“आबा, वर या!”

“नळी मोकळी व्हते गो. वाफ लागली का मळ सुटतो.”

“ती काय कंदिलाची चिमणी आहे का? वर या म्हणते ना!”

“थोरा येळ.”

त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. ओरडून ते येणार नव्हते, ओढून यायला ते वाघ आणि मी शेळी. मग मला माझी कला आठवली. मी कपाळाला हात लावला, “आई गं” म्हणाले आणि पायरीवर अशी कोसळले की आमच्या मंडळाच्या दिग्दर्शिकाबाईंनी शिट्टी मारली असती.

आबा पाण्यातून वर आले, मगर येते तसे. “बाय! बाय गो!” बोरंवाली धावत आली, तिने कांदा फोडून माझ्या नाकात कोंबला आणि कुणीतरी बादलीभर गरम पाणी माझ्यावर ओतलं. नाटक संपवावं तर बाप परत पाण्यात जाणार. म्हणून मी नाकात कांदा घेऊन, भिजलेली, शेकलेली, तशीच पडून राहिले आणि अर्ध्या डोळ्याने आबांकडे बघत राहिले. ते धापा टाकत होते, पण बाहेर होते.

परत येताना गाडीत ते गंभीर झाले. “तुनाच दाक्तरकडं न्यायला पायजे. चक्कर येती आन् माझ्याशी खेळाया आली.” मग बराच वेळ विचार करून म्हणाले, “बरं. दर खाचराला तुजा एक फटका मोजायचा न्हाय. आजारी मानसाला सूट.”

पुढच्या सीटवरून जगनने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितका अशक्त चेहरा केला.

संध्याकाळी त्याने मला काठी धरायला शिकवलं. माझे पहिले चेंडू कुठेच गेले नाहीत; माती मात्र लांब गेली. मग एक गेला तो गोदामाच्या पत्र्यावर. ढण्ण! आतून गोरखपूरचा वॉचमन धावत आला. मला पाहून थबकला.

“अरे, लेडीज भी खेलेगी? चाचा से?”

“चाचा को हराना है,” जगन म्हणाला.

वॉचमनने माझ्याकडे, माझ्या बुटांकडे आणि खाली खोदलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं. “भगवान मालिक है,” तो म्हणाला आणि आत गेला.

पाच खाचरं

सकाळी थंडी होती. बांधांवर दव, पलीकडे हायवेवर कंटेनरची रांग. आबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, मतदानाला जाताना घालतात तो. जगनच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. प्रमिला खळ्याच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभी. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि अडखळले. गावदेवी तर विरुद्ध पक्षात होती.

नियम सोपे. कमी फटक्यांत गलीत जाईल त्याचं खाचर. ज्याची खाचरं जास्त, तो जिंकला.

पहिलं आबांचं झालं. माझा चेंडू गलीपासून हातभर राहिला होता. मी टीव्हीचा एकुलता एक आठवलेला नियम काढला. “आबा, इतका जवळ असला की समोरच्याने ‘दिला’ म्हणायचं असतं. मग तो गेलाच धरतात.”

“ठावं हाय. आन् एकदा दिला म्हटलं का घेनाऱ्याला नको म्हनता येत न्हाय. पन मी देत न्हाय. मार.”

मी मारला. चुकला.

दुसऱ्या खाचरात माझा चेंडू बांधाच्या पलीकडे अडकला. आबा ‘वारा बघत’ उभे होते. मी हळूच बुटाच्या टोकाने चेंडू सरकवला.

“बाय,” आबा वाऱ्याकडेच बघत म्हणाले, “बूट कवापास्नं काठी झाला?”

तरी ते खाचर माझं झालं, सवलतीच्या फटक्यावर. तिसरंही माझं झालं, कारण आबांचा चेंडू म्हशीच्या डबक्यात गेला आणि म्हैस उठेना. जगन आनंदाने टाळी वाजवणार होता, पण त्याने हात मागे घेतले, कारण आबा डबक्याकडे वाकले ते लवकर सरळ झाले नाहीत.

इथून पुढे मला खेळ दिसेनासा झाला. विचार करा माझी गंमत. मला जिंकायचं तर खेळ पुढे जायला हवा. खेळ पुढे जायचा तर आबांना चालायला हवं. आणि चालताना ते प्रत्येक बांधाशी थांबत होते. मी पटकन संपवावं म्हणून घाईने मारायची, तर चेंडू भलतीकडे जायचा आणि उलट वेळ वाढायचा. “आबा, थांबूया जरा. चहा घेऊया.” “खेळ झाल्याव.” चौथं खाचर त्यांनी घेतलं. दोन त्यांची, दोन माझी.

पाचव्यात ते भारी खेळले. खरं सांगते, भीती विसरून मी पाहत राहिले. तो मोठा देह वळायचा, काठी वर जायची आणि चेंडू बांधावरून असा उडायचा की जणू बगळा. त्यांचा शेवटचा चेंडू खळ्यावर आला, घरंगळला आणि गलीपासून वीतभर अंतरावर थांबला. माझा अजून खळ्याच्या काठाशी. आता त्यांनी काठीने नुसतं ढकललं की संपलं.

आबा पुढे आले नाहीत. ते बांधावर बसले.

बसले नाहीत, खचले. कपाळावर घाम, त्या थंडीत. ओठ राखेच्या रंगाचे. डावा हात ते शर्टाच्या आत घालून खाजवल्याचं सोंग करत होते. सोंग मला कळतं. जगन गोळी घेऊन धावला. आबांनी तोंड बाजूला केलं.

“थांब रं. एक फटका मारतो, मंग.”

“आबा, गोळी घ्या आधी!”

“सर बाजूला!” आणि काठीचा टेकू घेऊन ते उठायला लागले. गुडघा सरळ झाला, थरथरला. जगनने खांदा दाबला, त्यांनी तो झटकला. अजून उठत होते.

मी काठी हातात घेऊन उभी होते. ते उठू शकले नसते तर मी जिंकले असते. एवढं मला स्पष्ट कळलं, आणि कळल्याची लाजही वाटली नाही; मी त्यासाठीच आले होते. पण ते उठत होते.

“दिला!” मी किंचाळले. “आबा, दिला! गेला तुमचा चेंडू! बसा! दिला, दिला!”

पलीकडे गोदामाच्या दारात वॉचमन थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि धप्पकन खाली बसले. जगनने गोळी त्यांच्या जिभेखाली सरकवली. प्रमिलाने कळशीच आणून समोर ठेवली. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो, जसं चुलीवरच्या दुधाकडे बघतात. हळूहळू रंग परत आला.

“जिंकलो,” आबा पुटपुटले. त्यांच्या तोंडावर आनंद शोधून सापडला नाही.

निघताना

जगनने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता घेऊन या. आबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “शबूद म्हंजे शबूद. नाव काढायचं न्हाय.” जगन माझ्यावर उखडला. “जिंकायला आलेलीस ना ताय? मंग दिला कशाला?” त्याचं उत्तर त्यालाही माहीत होतं, म्हणून तो गाडी पुसायला बाहेर गेला.

मी बॅग भरली. आणखी काय करणार? प्रमिला सूप घेऊन आली, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. माहेरवाशीण निघाली की ओटी भरायची. सगळीकडे भरतात, पण आमच्या गावात लेक ओटी न घेता उंबरा ओलांडून गेली तर लोक समजतात, माहेर तुटलं. दोन्हीपैकी एक मेलं, असंच धरतात.

“वडनी पसरा ताई,” प्रमिला म्हणाली.

मी ओढणी खांद्यावर घट्ट धरली.

“पसर गो,” आबा म्हणाले.

“नाही.”

तोवर मी तीन दिवस अभिनय करत होते. हा अभिनय नव्हता. “आबा, तांदूळ नकोत मला. मी मागते ते द्याल तर पसरते. नाहीतर अशीच जाते.”

आबा उठून बसले. “बाय, असं बोलू नको.”

“ऑपरेशन करा.”

“कौल पडलाय.”

“तो तुम्ही मागितला होतात. मी कुठे मागितला?”

“आन् खेळ? तो जिंकलो ना मी?”

“जिंकलात. म्हणून तर मागते. हरला असतात तर मागायला लागलं असतं का?”

हायवेवर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता. शेवटी प्रमिलाच म्हणाली, “आबा, सूप जड झालं वो. काय ते सांगा.”

आबा जमिनीकडे बघत होते. “तुना एक सांगतो. हरायचं ठरवूनच उतरलो व्हतो मी. देवीला तोंड दाखवाया झालं असतं, का बाबा शबूद दिलेला, पोरीनं हरवलं. पन काठी हातात आली का मना हरता येत न्हाय गो. सुचतच न्हाय.”

मला हसू आलं. “मग आता देवीला सांगा, लेक रिकामी कशी धाडू?”

त्यावर त्यांनी बराच विचार केला. खाचर विकताना केला नसेल इतका. मग दारातून आत बघत असलेल्या जगनकडे न बघता म्हणाले, “पसर.”

मी ओढणी पसरली. प्रमिलाने इतक्या घाईने ओटी भरली की निम्मे तांदूळ जमिनीवर गेले.

आबा आता घरी आहेत. खोकला आला की उशी छातीशी धरतात आणि दुधी समोर आला की जगनला शिव्या देतात. डॉक्टरांनी काठी धरायला अजून परवानगी दिलेली नाही. परवा फोनवर त्यांनी प्रमिलाची तक्रार केली, की तिने खळी सारवलेली नाहीत. हे सगळं आज मी पाय पसरून लिहिते आहे. पण त्या दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. डावी कळी खरी ठरली तर? हा विचार मी तोंडातून काढला नाही, पण तो आमच्याबरोबर गाडीत बसला.

गावातून हायवेला लागायचं तर वळणावर गावदेवीचं देऊळ अगदी रस्त्याला चिकटून आहे. दुसरी वाट नाही. वळण जवळ आलं तसे आबा अस्वस्थ झाले. आधी त्यांनी काच वर केली. मग पांढऱ्या शर्टाची कॉलर वर केली. मग तो एवढा थोरला माणूस सीटवरून घसरत घसरत खाली गेला, गुडघे पुढच्या सीटला टेकवून, आणि त्याने टॉवेल तोंडावर ओढला. जगनने हॉर्न न वाजवता, पाहुण्यांच्या घरात रात्री पाण्याला उठल्यासारखी गाडी हळू काढली.

टॉवेलाखालून आवाज आला. “गेलं का देऊळ?”

“आत्ता जातंय आबा.”

“बगती का ती?”

मी खिडकीतून पाहिलं. दार सताड उघडं होतं. शेंदराच्या पाषाणावर चांदीचे डोळे लखलखत होते आणि ते सरळ आमच्या गाडीवर रोखलेले होते.

“नाही आबा,” मी म्हणाले, “पडदा लावलाय.”

एका हाताने ओटी सांभाळत दुसऱ्या हाताने मी तिला नमस्कार केला आणि जगनला हळूच म्हणाले, “दाब रे. दाब.”